करंजाचा साबण आणि काकांचं नाक

गिऱ्हाईक परत पाठवण्यात धन्यता मानणारा माणूस सगळ्या सोलापुरात एकच होता, आणि तो आमच्या मावशीचा नवरा होता. कॉलेजसाठी मी भवानी पेठेत त्यांच्याकडे राहिलो, ते दुष्काळ नुकताच सरल्यानंतरचे दिवस. घरामागच्या पडवीत काका साबण करत. करंजाचं तेल, खोबरेल आणि कॉस्टिकचा खार कढईत एकत्र ढवळायचं, ते मिश्रण साच्यात ओतायचं आणि हिरवट वड्या फळ्यांवर वाळत ठेवायच्या. वडी दिसायला ओबडधोबड, पण भेगाळलेले हात लोण्यासारखे करायची. त्यामुळे मागावर राबणाऱ्या बायका दारात थांबून राहत. काका आधी प्रत्येकीचा हात हुंगत आणि मगच निकाल देत. अत्तर लावून आलेल्या एका वकिलांना त्यांनी सांगितलं, "तुमच्या अंगावर माझा साबण रुसंल. तुमी दुसरीकडं बघा की." वाळणाऱ्या वड्यांपाशी मोठ्यानं बोलायची बंदी होती. वडी तयार झाली का, ते काका जिभेचं टोक लावून बघत, आणि मग जेवताना आमटी अळणी म्हणून मावशीवर चिडत. मावशीला तर पडवीत पाऊल टाकायची मनाई होती. कारण तिच्या पदराला फोडणीचा वास! मीही कुतूहलानं तेलाचे डबे हुंगून बघायचो. मला सगळ्या डब्यांतून सारखाच, तेलाचा वास यायचा. काका मात्र झाकण पुरतं उघडायच्या आत तेल नवं की जुनं, ते सांगत.

त्या हिवाळ्यात काकांना टायफॉइड झाला. उठून हिंडायला लागले तसे पुन्हा कढईपाशी गेले. नवा साबण वाळून विकायला निघाला आणि शेजारची नरसम्मा वडी घेऊन परत आली. "काका, रागवू नका हां. खवट वास येतो."

काकांनी वडी नाकाशी नेली. उलटी करून पुन्हा नेली. मग दाराच्या चौकटीला टेकून उभेच राहिले. तापानं त्यांचं नाक नेलं होतं, आणि इतके दिवस त्यांनी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

सगळ्या वड्या त्यांनी परसात पुरल्या आणि पडवीला कडी घातली. बायका सवयीनं येऊन हात पुढं करत; काका भिंतीकडं तोंड फिरवत. असे बरेच आठवडे गेले. एका सकाळी मावशीनं तेलाचा डबा आणवला आणि स्वतःच ती कडी काढली.

"या हिकडं. मी हुंगते, तुमी ढवळा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तेल खवट झालेलं मला न कळता इतकी वर्षं जेवलात व्हय?"

काका पडवीत शिरले.

साबण पुन्हा सुरू झाला. आता हात मावशी हुंगायची आणि कुणालाच परत पाठवायची नाही, यावरून रोज भांडण. पण हळूहळू काकांना नादच लागला. भाकरी टाकली की विचारायचे, "कसा येतोय वास?" मावशी सांगायची, "जराशी करपलीय, पण बरा येतोय." शेजारी रंगवलेलं सूत वाळत घातलं, कुणी बंब पेटवला, की पुन्हा तेच. एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलणारी ती दोघं आता वासांवर तासन्‌तास बोलत बसत.

एकदा जेवताना काकांनी मान वर न करता विचारलं, "आणि मला गं? माझ्या अंगाला कसला वास येतो?"

मावशी वाढता वाढता थांबली.

"तुमाला? घरचा येतो," ती म्हणाली. "जेवा की आता."

काका भाकरीचा एकच तुकडा कितीतरी वेळ मोडत राहिले.