सर्कशीच्या वाघापुढे गाऱ्हाणं

चहा घ्या, आणि हसणार नाही असं आधी कबूल करा. उभ्या जोयडा तालुक्यात माझ्यासारखा शहाणा दुसरा झाला नसेल, हे तुम्ही शेवटी म्हणणारच आहात. मीच आधी म्हणून टाकतो.

गोष्ट माझ्या ऐन तरुणपणातली. आमच्या दिग्गी गावात वाघ म्हणजे देव. रानाच्या तोंडाशी त्याचा दगड, त्याला वर्षाचा नारळ. एवढं करूनही त्या साली वाघानं माझ्या जोडीतला एक बैल उचलला. राहिला एकटा बाळ्या; शेजाऱ्याच्या बैलाशी त्याची जोडी लावून नांगरायचं ठरलं होतं. पावसाआधी तोही गेला असता तर आमचं शेत पडीक आणि आम्ही नवराबायको लोकांच्या शेतात राबायला. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात उळवीच्या जत्रेला सर्कस आली. आम्ही गावचे सात-आठ जण रान तुडवत गेलो. तंबूजवळ पोचलो आणि मी थिजलोच. वाघाचा पिंजरा गाडीवर, गाडीला दोन बैल जुंपलेले. बैल निवांत रवंथ करतायत, मागे वाघ झोपा काढतोय. सांगा, माझ्या मनात काय आलं असेल?

शेजारी एक म्हातारा घोड्याला खरारा करत होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत.

"बैल भीत न्हाईत व्हय ह्याला?" मी विचारलं.

"कशाला भितील? ह्यो तंबूतच जन्मला. रान कसलं असतंय ठावं न्हाई त्येला." मग वस्ताद रंगात आला. "सर्कस म्हंजे मुळात घोड्यांचा खेळ, पावणं. गोऱ्या लोकांची सर्कस मुंबैला आली. ती बगून आमच्याकडच्या संस्थानातला एक घोडे शिकवणारा इरेला पेटला. म्हणला, ह्ये तर आपली पोरं बी करतील. आन् केलं की. रिंगण गोल का, म्हायती हाय? घोडा गोल पळाला की पाठीवरचा गडी तोल धरून उभा ऱ्हातोय. वाघ मागनं आला, आन् समद्या टाळ्या ह्योच घेऊन गेला."

शेवटच्या वाक्याला म्हाताऱ्याचा आवाज उतरला. त्याच्या घोड्यांबद्दल मी एक शब्द विचारला नाही, याचं आज वाईट वाटतं. माझं डोकं बैलांत अडकलेलं.

तंबूत जन्मला तर काय झालं? नातेवाईक रानातच असणार ना? आमच्यातला माणूस खानापूरला जाऊन राहिला म्हणून दिग्गीतली भावकी तुटते का? शिवाय हा वाघ बैलांशी सलोख्याने राहणारा. याने तिकडे चार शब्द टाकले तर काम होईल. दगडाला किती सांगायचं? मी नारळ घेऊन तंबूत शिरलो.

खेळ भर दुपारचा. घोडे झाले, झुल्यावरच्या मुली झाल्या, मग गजांआड वाघ आला. चाबूक कडाडला आणि देव मुकाट्याने स्टुलावर बसला. लोक टाळ्या पिटायला लागले. दिग्गीचे लोकही टाळ्या वाजवत होते, हे याने रानात कळवलं तर?

मी पुढे धावलो, गजांपाशी नारळ ठेवला, मुंडासं काढलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो चाबूक आमचा न्हवं."

मागून दिग्गीवाले सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"मी दिग्गीचा पुनाजी. घर वढ्याच्या वरल्या अंगाला, फणसाखाली."

"व्हय म्हाराजा!"

"गोठ्याचं दार उगवतीला. आत येकच बैल ऱ्हायलाय. तेवढं घर वळखून सोड, म्हाराजा."

आता सगळा तंबू "व्हय म्हाराजा" म्हणत होता, कानडी यात्रेकरूसुद्धा. त्यांना वाटलं, हा विदूषकच आहे. वाघाने जांभई दिली. मी तो होकार समजलो. बाहेर वस्ताद हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "पावणं, उद्याच्या खेळाला बी या."

घरी आलो आणि छाती काढून बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"घर कुटं ते सांगितलासा?"

"सांगितलं."

"फणस?"

"त्यो बी."

"गोठ्यात बैल हाय ह्ये बी? आन् दार कुटल्या अंगाला ते बी?"

मी मान डोलावली.

"म्हंजे गाऱ्हाणं घालून न्हाई आलासा," ती म्हणाली. "वाघाला जेवणाचं आवतण देऊन आलासा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी उगवतीचं दार मातीने लिंपून बुजवलं आणि मावळतीला नवं पाडलं. उकिरडा राहिला उगवतीलाच, तेव्हापासून शेण टाकायचं तर अख्ख्या गोठ्याला वळसा. बाळ्या चांगला म्हातारा होऊन मेला. पण त्यानंतर गोठ्यात कुठलंही जनावर हंबरलं की बायको म्हणायची, "बगा, तुमचा पावणा आला का." आता ती नाही. जनावर हंबरतं आणि घरात कोणी काही बोलत नाही, ते फार लागतं.

परवा मुलगा म्हणाला, "बाबा, दार परत उगवतीला करूया की. सर्कस जाऊन किती वर्सं झाली."

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "त्या वाघापाशी अजून जुनाच पत्ता हाय."