गेरूची कोयरी आणि केतकीचा साखरपुडा

आता कसं सांगू तुम्हाला, मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी हल्ली लिफ्टने जात नाही, जिन्याने जाते. व्यायाम म्हणून नव्हे हो! लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून हसतात. तुम्हीही हसणार, पण आधी ऐकून तर घ्या.

झालं काय, एका सकाळी माझ्या कमरेला डाव्या बाजूला नुसती आग आग व्हायला लागली. बघते तर बारीक फोडांची रांग! मला वाटलं, परकराची नाडी काचली असेल. सासूबाईंना दाखवलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई, ही तर नागीण! तोंड शेपटीला टेकलं की माणूस गेलाच म्हणून समज!"

"आई, असं काही नसतं हो," मी म्हटलं. मी बीएस्सी आहे. केमिस्ट्रीत असले म्हणून काय झालं? पण खरं सांगू? रोज आंघोळीच्या आधी आरशासमोर वाकडी होऊन मी तोंड कुठवर आलंय ते बघत होते.

सासूबाईंचं औषध एकच, गेरूचा लेप. फोडांभोवती गेरूचं कुंपण घातलं की नागीण पुढे सरकत नाही म्हणे. पण त्यांचा हात थरथरतो, आणि आमच्या ह्यांच्या हातात गेरू दिला तर ते मला कुंडीसारखी रंगवून ठेवतील. मग बोलावलं कोणाला? समोरच्या केतकीला!

केतकी म्हणजे माझ्या मैत्रिणीची, मंगलची मुलगी. आमची दारं समोरासमोर. पोरगी मेंदी फार सुंदर काढते. तिचा स्वतःचा साखरपुडा तोंडावर आला होता, तरी बिचारी रोज ऑफिसातून आली की माझ्या कमरेशी बसायची. ब्रश टोचतो म्हणून बोटांनी लेप लावायची. आणि सवयीने शेवटी एक कोयरी काढायची.

कमरेला कोयरी घेऊन बँकेत जात होते मी!

शेवटी ह्यांनी धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वैतागले. "अहो, हे कांजिण्यांच्या व्हायरसचं काम आहे. गेरू कसला लावताय? गोळ्या घ्या. आता हा व्हायरस आला कुठून, तर..."

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच, हा माझ्या अंगावर सोडला कोणी?

आणि थोड्याच दिवसांत केतकीच्या अंगभर कांजिण्या उठल्या. सापडला ना चोर! रोज माझ्या फोडांना हात कोण लावत होतं?

"अगं, पण तुझे फोड आधीचे," हे म्हणाले. "तिला तर आत्ता झाल्या."

"मग आधीपासून असणार तिच्या अंगात! रोजचं येणंजाणं आहे तिचं. तुम्हाला काय कळतंय यातलं? बीएस्सी कोण आहे?"

मी तडक समोरची बेल दाबली.

"मंगल, तुझ्या पोरीने मला आजार दिला गं!"

"काय बोलतेस काय! रोज येऊन तुझी सेवा केली तिने!"

"सेवा करता करता व्हायरस पण देऊन गेली ना!"

"सुषमा, तोंड सांभाळ. साखरपुडा आहे पोरीचा!"

"मग मी काय करू? फोड घेऊन नाचू?"

धाडकन दार आपटलं तिने. मला? माझ्या तोंडावर? मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'ज्यांनी ज्यांनी केतकीकडून मेंदी काढून घेतली आहे, त्यांनी तब्येतीची काळजी घ्यावी. जनहितार्थ.' तो 'जनहितार्थ' तर मला इतका आवडला की मी स्वतःच दोनदा वाचला.

आता बी विंगमध्ये नवऱ्या मुलाची आत्या राहते, हे माझ्या लक्षात नको यायला? संध्याकाळपर्यंत आत्याबाईंचा मंगलला फोन. मुलीला आधीपासून आजार आहे आणि आमच्यापासून लपवलात? साखरपुड्याचं आता बघू!

'बघू' म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. समोरच्या दारातून मंगलचं रडणं ऐकू येत होतं. मलाही वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण आपलंच बरोबर आहे याचा आनंद त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मंगल दारात उभी.

"चल डॉक्टरकडे. आत्याबाईंनाही बोलावलंय. एकदाचा निकाल लागू दे."

"चल ना! मी काय घाबरते?"

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे बघा, व्हायरसला एकट्याने काही जमत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीलाच कामाला लावून आपल्यासारखे ढीगभर व्हायरस बनवून घेतो. ते बाहेर पडून पुढच्या पेशींत शिरतात."

"म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसून आपली पंगत!" आत्याबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. पण कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या पेशींत लपून बसतो. तिथे काही बनवत नाही, हलत नाही, म्हणून शरीराच्या पहाऱ्याला सापडतही नाही. वर्षानुवर्षं! वय झालं, पहारा ढिला पडला की उठतो आणि त्याच मज्जातंतूवरून कातडीवर येतो. ती नागीण. म्हणून तर पट्टा एकाच बाजूला असतो. सुषमाताई, तुम्हाला लहानपणी कांजिण्या झालेल्या?"

"कधीच नाही!" मी मंगलकडे बघत ठणकावलं. "थांबा, माझ्या भावालाच विचारते."

दहिसरला दादाला फोन लावला. स्पीकरवर! सगळ्यांना ऐकू जावं म्हणून! ही अक्कलही माझीच.

"कांजिण्या? तुला?" दादा खो खो हसत सुटला. "अगं, अख्ख्या चाळीत पहिल्या तुलाच झाल्या! आईने कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलेलं तुला. मग तू मला दिल्यास, मग सगळ्या चाळीला. माझी शाळेची सहल बुडाली तुझ्यापायी!"

मी फोन बंद केला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "म्हणजे हा तुमचाच. इतकी वर्षं तुमच्या आतच होता. या फोडांच्या पाण्यात व्हायरस असतो. ज्याला कांजिण्या होऊन गेलेल्या नाहीत, त्याने त्याला हात लावला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. बरं, तो लेप लावला कोणी?"

सगळे फक्त माझ्याकडे बघत होते.

"बीएस्सी ना गं तू?" मंगल म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! घरी येऊन ग्रुपवर माफी लिहिली. त्यात जनहितार्थ लिहायची हिंमत झाली नाही. मग केतकीसमोर जाऊन कान धरले. पोरीच्या चेहऱ्यावर फोडच फोड, आणि म्हणते कशी, "जाऊ दे ना काकू. कोयरी बरी आलेली की नाही?" मला रडूच कोसळलं.

आत्याबाई नरमल्या, साखरपुड्याची नवी तारीख निघाली. संपलं? छे! आमचा नवरा मुलगा प्रेमळ. केतकी आजारी आहे कळल्यापासून रोज शहाळं घेऊन तिच्या उशाशी बसत होता. आणि त्यालाही लहानपणी कांजिण्या झालेल्या नव्हत्या!

साखरपुडा पुन्हा पुढे गेला.

शेवटी झाला एकदाचा. दोघांच्याही गालांवर डाग, फोटोवाला हैराण. मी भारीतली साडी आणि शर्टपीस घेऊन मान खाली घालून पुढे गेले, तर आत्याबाईंनी भर हॉलमध्ये मला हात जोडले.

"सुषमाताई, आणखी आहेर कशाला? तुमचा आधीच पोचलाय, दोघांनाही. आणि डॉक्टर म्हणाले, जन्मभर टिकतो!"