धुतलेला समुद्र

असोद्याच्या पारावरची पिवळ्या चुनखडीची फरशी फुटली, आणि तशीच फरशी देण्याचं काम मला मिळणार असं ठरलंच होतं. दगडाच्या गाड्या ओढता ओढता मी स्वतःच्या दगडाच्या दुकानापर्यंत पोहोचलोय. माझ्या मालाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. धुळ्याच्या व्यापाऱ्याने नेमकं तेच केलं. सगळ्या गावासमोर म्हणाला, "भाऊ, तुना दगड येगळा शे. पारना दगड मनाकडे शे."

माझा दगड वेगळा, आणि पाराचा दगड म्हणे त्याच्याकडे! मी भडकलो. गावातल्या आबांनी मला खाली बसवलं. "भांडू नका. पारासारखाच दगड ज्याचा, त्याला काम."

मी जळगावच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, हा दगड म्हणजे जुन्या समुद्राचा गाळ. त्याच्या सांधीतल्या मऊ मातीत खसखशीहून बारीक शिंपले असतात. प्रत्येक काळाचे जीव निराळे. तेच शिंपले निघाले तर दगड एकाच काळाचे.

मी पारावरचा तुकडा आणि माझा नमुना ऐटीत पुढे केला. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मग माझ्याकडे.

"पारावरच्यात भरपूर आहेत. तुमच्यात एकही नाही. काय केलंत याला?"

"धुतला. ॲसिडने. गिऱ्हाइकाला दाखवताना चमकायला नको?"

"ॲसिड शिंपले खातं हो. तुम्ही अख्खा समुद्र धुवून टाकलात!"

दुसऱ्या दिवशी न धुतलेला तुकडा नेला. शिवाय धुळ्याला जाऊन त्या व्यापाऱ्याच्या वखारीबाहेर पडलेला फुटका तुकडाही आणला. राखणदार तो फुकट देत होता, तरी सवयीने अर्धा तास घासाघीस केली. त्याचा दगड खोटा ठरावा, एवढीच इच्छा.

मॅडम म्हणाल्या, "तिन्ही एकाच काळाचे. पण काळ एक म्हणजे खाण एक असं नाही. टिकाऊपणात फरक असू शकतो."

पारावर मी पहिलं वाक्य ठणकावून सांगितलं. दुसऱ्या वाक्याने माझीच बाजू लंगडी पडली असती, म्हणून गिळलं.

आबांनी विचारलं, "म्हणजे तुझा, याचा आणि पाराचा दगड सारखाच?"

"अगदी सारखाच, आबा!"

"मग काम याला देऊ. याचा भाव कमी आहे."

धुळेकर इतका हसला की त्याला उचकी लागली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला मी मॅडमचं दुसरं वाक्य आधी ऐकवतो. पण असोद्याला जायचं झालं, तर अजूनही पार टाळून मागच्या रस्त्याने जातो.