सेमियाचा फुटबॉल क्लब

फुटबॉल क्लब काढायला एक चेंडू, अकरा पोरं आणि नातेवाईक नसलेला अध्यक्ष लागतो. चेंडू होता, पोरं होती. अध्यक्ष मी होतो.

सोलापुरात आमच्या भागात माझं चष्म्याचं दुकान आहे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि मैदानावर दखनी अशा तीन भाषांमधून मी रोज बोलणी खातो. मैदान म्हणजे बंद पडलेल्या गिरणीमागची मोकळी जागा. तिथे मुश्ताकभाई संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतात. दिवसा ते शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतात, त्यामुळे ओरडण्याचा सराव दांडगा. त्यांची पोरं खेळतात झकास, पण क्लब नाही म्हणून जिल्ह्याच्या लीगमध्ये त्यांना कुणी घेत नव्हतं. मिसरूड फुटून जरा खेळ बसला, की पोरगा बूट काढून ठेवायचा आणि कामाला लागायचा.

"शीनूभाई," एकदा ते मला म्हणाले, "मेरे कित्ते अच्छे पोट्टे ऐसेच गए. एक बार, बस एक बार, इनकू लीग में खेलते देखना है."

त्यांचा आवाज ओला झाला आणि मला गहिवरून आलं. (मला फार लवकर गहिवरून येतं. दुकान बेताचं चालण्याचं तेच कारण आहे.) मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "क्लब मी काढतो! आणि साधासुधा नाही, सेमी-प्रोफेशनल!" मी स्वतः आयुष्यात एकच गोल मारलाय, तोही आमच्याच जाळीत, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या लक्षात राहिली नाही.

मागावर इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा आमच्या पिढ्यान्‌पिढ्या चालवत आल्या, म्हणून क्लबचं नाव ठेवलं 'धोटा एफसी'. घरी जेवताना मी ही बातमी फोडली. अक्का आणि बावा, म्हणजे माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान, तेव्हा जेवायला आलेले होते. अम्मा वाढत होती. अम्माचं अर्धं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलंय. त्यामुळे ती निम्मं ऐकते आणि उरलेलं निम्मं स्वतःच्या मनाने भरते.

"सेमी-प्रोफेशनल क्लब काढतोय," मी म्हणालो.

"सेमिया?" अम्माचा चेहरा उजळला. आमच्यात शेवयांना सेमिया म्हणतात. "सेमियाला क्लब कशाला रे बाबू? घरीच करते की!"

"सेमिया नाही अम्मा, सेमी! म्हणजे अर्धं! पोरं आपापली कामंही करणार आणि मॅचचं मानधनही घेणार. अर्धे नोकरदार, अर्धे खेळाडू."

"म्हणजे धड हे नाही आणि धड ते नाही," अक्का म्हणाली. "मग शीनू तर लहानपणापासून सेमीच हाय की!"

सगळे हसले. माझी बायको रेणुका हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं आणि बोट वर केलं. हे बोट वर झालं की मी आपोआप ताठ बसतो.

"अहो, चेंडू दिवाणाखाली, जाळी बाल्कनीत आणि बूट... बुटांबद्दल तर मी बोलतच नाही. क्लब लीगमध्ये गेला तर ठीक. नाही गेला तर सगळं माळ्यावर, आणि क्लब हा शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. (लग्नाच्या वेळीही मी असंच पटकन म्हणालो होतो.)

"किती माणसं असतील रे?" अम्माने मध्येच विचारलं.

"दोन्हीकडची मिळून बावीस," मी बेसावधपणे उत्तर दिलं. ती मान डोलावत आत गेली. ती मान का डोलावली, हे विचारायला हवं होतं!

लीगवाल्यांची अट सोपी होती. त्यांच्या निरीक्षकांसमोर एक पूर्ण सामना खेळून दाखवायचा. हरलात तरी चालेल, पण अंगावर सगळ्यांच्या एकसारखी जर्सी हवी आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात निदान सात खेळाडू हवेत. सातच्या खाली गेलात तर सामना तिथेच बंद आणि प्रवेशही बंद. कुर्डुवाडीचा संघ खेळायला यायला तयार झाला. "अकराचे सहा व्हायला काय पोरं वाफ होऊन उडून जाणारेत?" असं मी मुश्ताकभाईंना हसत म्हणालो होतो. ते हसणं मला अजून आठवतं.

राहिली जर्सी. तिथे बावांनी छातीवर हात ठेवला.

"शीनू, जर्सीचं माझ्यावर सोड. माझा कारखाना असताना आपली पोरं बाहेरचं कापड घालणार? लोकं काय म्हणतील?"

"बावा, पण तुमचा कारखाना तर टॉ..."

"कापड ते कापड!" बावा म्हणाले. बहिणीच्या नवऱ्यापुढे आमच्यात जास्त बोलायची पद्धत नाही. मी सोडून दिलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी गठ्ठा आला. मी उघडला आणि खाली बसलो. बावांनी जर्सी टर्किश टॉवेलच्या कापडाच्या शिवल्या होत्या! जाडजूड, मऊ, लालभडक, दोन्ही बाजूंनी लोकर आल्यासारख्या! पाठीवर नंबर विणलेला आणि खालच्या काठाला (हे मी शपथेवर सांगतो) झालर!

"बावा, ह्याला झालर आहे!"

"एक्सपोर्ट क्वालिटी हाय," बावा अभिमानाने म्हणाले. "आणि मापं पण बघ. बारक्यांना नॅपकिन साइज, बाकीच्यांना हँड टॉवेल, गोलकीपरला बाथ साइज."

गोलकीपरची जर्सी त्याच्या घोट्यापर्यंत आली. मुश्ताकभाईंनी ती दोन्ही हातांनी धरून उन्हात नेली, उलटी केली, सुलटी केली.

"मियाँ, ये जर्सी है की न्हाने का सामान?"

"दुसऱ्या आणायला वेळ नाही, मुश्ताकभाई. एकसारख्या तर आहेत?"

"एकसारख्या तो हैं," ते म्हणाले आणि जर्सीची घडी घालायला लागले. ती घडी मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागली.

सामना भर उन्हाळ्यात, दुपारी. सोलापूरचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको. निरीक्षक पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले. आमची पोरं मैदानात उतरली तेव्हा प्रेक्षकांतून एकजण ओरडला, "साबण कुठाय बे?" आणि सगळं मैदान हसलं.

पहिली काही मिनिटं बरी गेली. मग घाम आला. टॉवेलचं काम घाम पिणं, आणि बावांचा माल खरोखरच एक्सपोर्ट क्वालिटीचा! एक थेंब खाली पडू देईना. पोरांचा सगळा घाम जर्सीत साठत गेला आणि जर्सी गुडघ्याकडे लोंबायला लागल्या. आमचा सगळ्यात चपळ पोरगा इरफान दोन्ही हातांनी झालर उचलून पळत होता. लाल रंग सुटला आणि पांढऱ्या चड्ड्या गुलाबी झाल्या. त्यात कुर्डुवाडीच्या पोरांना शोध लागला. त्यांचा एक खेळाडू आमच्या बचावपटूच्या पाठीला तोंड पुसून चेंडू घेऊन पुढे गेला आणि गोल मारून आला!

"रेफरी, फाऊल!" मी ओरडलो. "जर्सी धरली त्याने!"

"धरली नाही, पुसली," रेफरी म्हणाला. जरा विचार करून त्यानेही आमच्या गोलकीपरच्या जर्सीला कपाळ टिपलं.

हाफ टाइमला आमच्यावर पाच गोल होते, पण पोरं सगळी उभी होती. मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून बावांचा टेम्पो आत आला. मागे अक्का, रेणुका आणि लग्नाच्या पंगतीचं पातेलं. पातेल्याशेजारी डाव घेऊन अम्मा.

"अम्मा, हे काय?"

"काय म्हणजे? सेमिया! तूच सांगितलास की, सेमियाचा क्लब, बावीस माणसं. वर थोडी जास्तच केली."

वेलदोड्याचा, तुपाचा, काजूचा वास सुटला. कुर्डुवाडीच्या कोचने अम्मापुढे हात जोडले, "आजी, आमी मॅच झाल्यावर खातो." शहाणा माणूस! आमच्या पोरांना हात जोडता आले नाहीत, कारण तोवर त्यांच्या हातात वाट्या होत्या. मुश्ताकभाई मध्ये धावले.

"अम्माजी, नक्को! अब्बी दौडना है इनकू!"

"दौडायचं म्हणूनच की! पोटात काही नको?" अम्माने त्यांच्याही हातात वाटी ठेवली. "आणि आमच्यात एकदाच वाढत नाहीत. दुसऱ्यांदा घ्यावं लागतं."

घ्यावं लागलं. पोरांनी घेतलं, निरीक्षकांनी घेतलं, रेफरीने घेतलं. मी अम्माला अडवायला गेलो आणि तीन वाट्या खाऊन परत आलो.

दुसऱ्या हाफमध्ये अंगावर ओला टॉवेल आणि पोटात तुपातली सेमिया घेऊन आमची पोरं उतरली. पहिला गळाला आमचा कप्तान. तो चेंडूमागे पळता पळता सावकाश थांबला, बसला आणि आडवा झाला. दोन बदली खेळाडू होते, ते उतरले. त्यांनी सगळ्यात जास्त सेमिया खाल्ली होती, कारण आपल्याला खेळावं लागणार नाही असं त्यांना वाटत होतं! एकेक पोरगा पोट धरून कडेला येऊन निजायला लागला. इरफानला पायात गोळे आले. गोल किती होतायत हे आता कुणी मोजत नव्हतं. सगळं मैदान फक्त आमची उभी राहिलेली माणसं मोजत होतं.

"नौ!" मुश्ताकभाई ओरडले. मग "आठ!" मग त्यांचा आवाज बारीक झाला, "सात..."

निरीक्षक खुर्चीत पुढे सरकले. रेणुका माझ्याकडे बघत होती. मला तिच्या चेहऱ्यावर आमचा माळा स्पष्ट दिसत होता. आणि मुश्ताकभाई कंबरेवर हात ठेवून त्या सात जणांकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना मी कधी असं हताश पाहिलं नव्हतं. माझ्या पोटात तुटलं. (सेमियानेही असेल.)

शेवटची पाच मिनिटं असताना सातवाही बसला. रेफरीने शिट्टी तोंडाकडे नेली.

"रुको!" मुश्ताकभाई माझ्यावर झडप घालत म्हणाले. "चौदा नंबर बाकी है!"

चौदा नंबर मी होतो. यादीत चौदा नावं लागतात आणि पोरं तेराच, म्हणून माझं नाव घातलेलं. माझी जर्सी मी उशाला घ्यायची म्हणून पिशवीत ठेवली होती. कडेच्या दोन पोरांनी मला तिच्यात कोंबलं. मला हँड टॉवेल आला होता. बेंबी उघडी ठेवून मी सेमी-प्रोफेशनल फुटबॉलमध्ये पदार्पण केलं.

"कुछ नक्को करो!" मुश्ताकभाई कडेने ओरडले. "खाली खड़े रहो!"

"पळ की शीनू, बघतोस काय!" बावा दुसऱ्या कडेने ओरडले.

मी फक्त उभा राहिलो. देवाशपथ फक्त उभा राहिलो. पण कुर्डुवाडीच्या कुणीतरी लांबून चेंडू हाणला, तो थेट माझ्या पोटावर बसला, तीन वाट्या सेमिया एका बाजूला सरकली आणि मी उताणा पडलो. वर नुसतं आभाळ. उठायचा प्रयत्न केला, तर काहीच हललं नाही.

खेळ थांबला. रेफरी माझ्याकडे आला, मग निरीक्षकांकडे गेला.

"सर, उभे सहाच आहेत. पडलेला धरायचा का?"

मुश्ताकभाई निरीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. "साब, मैदान के अंदर है की नै वो? लेटा है तो क्या हुआ? बाहर तो नै गया!"

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडल्या पडल्या हात वर केला. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली (ती त्यांची दुसरी होती) आणि म्हणाले, "मैदानात आहेत ना? मग धरा."

उरलेली मिनिटं पोरं माझ्याभोवती खेळली. एकदा चेंडू माझ्यावरून गेला. मग शेवटची लांब शिट्टी वाजली.

धोटा एफसी लीगमध्ये गेला!

मुश्ताकभाई धावत आले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्या जर्सीची झालर उचलली आणि तिला डोळे पुसले. बावा मागेच उभे होते.

"बघितलास शीनू?" ते म्हणाले. "आता कळलं का, टॉवेल कशाला ते?"

आता पोरं पातळ जर्सीत खेळतात आणि खेळतात बरी. लीगमध्ये मात्र धोटा हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे म्हणतात, "ते सेमियावाले आले." चेंडू अजून दिवाणाखालीच आहेत. अम्माला वाटतं, क्लब तिने काढला, आणि मी वाद घालत नाही. माझी चौदा नंबरची जर्सी बाथरूममध्ये खुंटीला असते. परवा आंघोळ करून ती खांद्यावर टाकून बाहेर आलो, तर पाठीवरचा नंबर बघून अम्माने रेणुकाला विचारलं, "हा अजून खेळतो का गं?"

"नाही अत्तम्मा," रेणुका म्हणाली. "आता नुसतं पुसतात."