जास्त मार्कांचं वर्ष

बदलापूरला बेलवलीत राहणाऱ्या अस्मिता रोकडेला पहिल्याच नीटमध्ये सरकारी कॉलेजची एमबीबीएसची सीट मिळाली आणि तिने ती सोडली. हे ऐकलं की लोक आधी तिच्या बापाला नावं ठेवतात. बापाचा दोष एवढाच, की तो गप्प बसला.

भीमराव रोकडे आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. सीट लागल्याचं कळलं तेव्हा त्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पेढे वाटले, ज्या सुपरवायझरशी बोलणं बंद होतं त्यालासुद्धा. घरी अस्मिताच्या आईने, बकुळाने, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडून घेतलं. नात्यागोत्यात डॉक्टर म्हणून दवाखान्यात शिरलेलं कुणीच नव्हतं.

अस्मिताचा क्लास उल्हासनगरला. क्लासने दारावर मोठा बॅनर लावला, मुलांचे फोटो, नावं, मार्क. अस्मिता शेवटच्या ओळीत होती. इतरांच्या नावाखाली नुसते मार्क होते. तिच्या नावाखाली मार्क आणि पुढे कंसात एस.सी.

ती बॅनरखाली उभी होती तेव्हा शेजारी किर्ती होती. कापडाच्या दुकानदाराची मुलगी, सिंधी, अस्मिताची दोन वर्षांची बेंचमैत्रीण. किर्तीला मार्क जास्त होते, तरी सरकारी सीट नव्हती.

"यार, तेरा तो हो गया," किर्ती डोळे पुसत म्हणाली. "माझे तुझ्यापेक्षा इतके जास्त आहेत, आणि मी घरी बसून रडतेय. आता पप्पा बघतील कुठेतरी प्रायव्हेटला."

तिच्या बोलण्यात विष नव्हतं. म्हणूनच ते आत जाऊन बसलं. कुणी मुद्दाम डिवचलं असतं तर अस्मिताकडे उत्तरं तयार होती. विहारातल्या वक्तृत्व स्पर्धेत याच विषयावर बोलून तिने बक्षीस घेतलं होतं. पण रडणाऱ्या मैत्रिणीला भाषण काय देणार? ती नुसतं "सॉरी" म्हणाली. कशाबद्दल सॉरी, हे तिलाही कळलं नाही.

सत्काराच्या दिवशी क्लासचे सर माइकवर म्हणाले, "अस्मिताचं मला टेन्शनच नव्हतं. तिला तर मिळणारच होती." हॉल हसला. सगळ्यांबरोबर अस्मिताही हसली.

त्यानंतर तिचं खाणंपिणं उडालं. मेडिकलचा नुसता विचार आला की एकच चित्र डोळ्यांसमोर यायचं. समोर पेशंट तडफडतोय, आपल्याला काहीच सुचत नाहीये आणि मागे उभे असलेले लोक एकमेकांना सांगतायत, बघा, म्हणूनच. हे चित्र तिला जेवताना दिसायचं, आंघोळ करताना दिसायचं. ॲडमिशनची तारीख जवळ आली तशी ती एका संध्याकाळी बापासमोर येऊन बसली.

"पप्पा, मी ड्रॉप घेते. अजून एक वर्ष. ओपनच्या मार्कांत येऊन दाखवते."

"कुणाला दाखवायचंय?"

"कुणाला नाही. मला माझ्या मार्कांवर जायचंय."

भीमराव चक्रावला. "मग हे मार्क कुणाचे आहेत?"

बकुळा आतून कणकेच्या हातांनी बाहेर आली. "अगं, आपल्या हक्काची आहे ती. गप घे आणि जा. लोक काय, बाबासाहेबांच्या राजगृहात जन्मलेल्यालाही बोलतात."

"तुम्हाला नाही कळणार, आई. तिकडे जाऊन मी फेल झाले तर?"

या "तुम्हाला नाही कळणार"वर भीमराव थांबला. तो दहावी नापास. मुलगी रात्रंदिवस पुस्तकात. तिला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. "बघ बाई, तुझं तू ठरव," म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. कंपनीत मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. लोक विचारत, "काय, डॉक्टरीण काय म्हणते?" तो म्हणे, "चाललंय."

वर्षभर अस्मिता विहाराच्या अभ्यासिकेत बसली. लग्न नाही, बारसं नाही, जयंतीच्या मिरवणुकीलाही गेली नाही. किर्तीचे पांढऱ्या ॲप्रनमधले फोटो यायचे. अस्मिता त्यावर हार्ट टाकायची आणि फोन उलटा ठेवायची.

तिचे मार्क खरंच वाढले. पाचशेच्या वर गेले. बकुळाने लगेच हार आणायला पैसे काढले. पण त्या वर्षी देशभरातच मार्क असे काही वर गेले की गेल्या वर्षीचा हिशेब कुठेच लागेना. पेपरफुटीच्या बातम्या आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, टीव्हीवर भांडणं झाली. अस्मिता एकेका राउंडची वाट बघत राहिली. ओपन तर लांबच. जी सीट तिने सोडली होती, तीही एवढ्या मार्कांत मिळेना.

"मार्क वाढले ना तुझे?" बकुळाने विचारलं.

"वाढले."

"मग?"

"सगळ्यांचेच वाढले, आई."

बकुळाला हे काही केल्या समजेना. जास्त मार्क मिळवून पोरगी नापास कशी होते? ती शेजारणीला समजावून सांगायला गेली आणि अर्ध्यावरच परत आली.

अस्मिताने उल्हासनगरला बीएस्सीला नाव घातलं आणि संध्याकाळी शिरगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायला लागली. रिपोर्टची पाकिटं द्यायची, पेशंटला "उपाशीपोटी या" सांगायचं. ती बरी दिसायची. आता तिच्या मनात शंकाच उरली नव्हती. आपण त्या लायकीच्या नव्हतोच, हे तिने ठरवून टाकलं होतं आणि त्यात एक प्रकारचा आराम होता. किर्तीचे फोन ती उचलेनाशी झाली.

पुढच्या नीटच्या फॉर्मची मुदत संपत आली तेव्हा एका रविवारी मटण खाता खाता भीमराव म्हणाला, "फॉर्म भर."

"पप्पा, नको आता."

"त्या वर्षी मी बोललो नाही. मला वाटलं, आपल्याला काय अक्कल. चूक केली. तू सीट सोडलीस त्या दिवसापासून मला घास गोड लागलेला नाही." त्याचा आवाज चढला. "कंपनीत पोरं विचारतात, मी खोटं बोलतो. माझ्या बापाला हॉटेलात वेगळा कप होता. त्याने कधी विचारलं नाही, की मी या चहाच्या लायकीचा आहे का. आणि तू घरात बसून स्वतःलाच वेगळा कप लावलास!"

अस्मिता ताटावरून उठून गेली. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही. पटलं म्हणून नाही, रागाने तिने फॉर्म भरला.

अभ्यास जेमतेम झाला. लॅब सुटली नव्हती, बीएस्सीची परीक्षाही तोंडावर होती. त्या वर्षीचा फिजिक्सचा पेपर इतका अवघड होता की सेंटरबाहेर मुली रस्त्यावर बसून रडत होत्या. अस्मिता रडली नाही. सरळ लॅबला गेली.

निकालात तिला तिन्ही वर्षांतले सर्वांत कमी मार्क होते. आणि सीट लागली. पेपरच अवघड, सगळेच खाली आले. कॉलेज सरकारी, पण विदर्भात पार टोकाला, पहिल्या वेळच्यापेक्षा कितीतरी लांब.

पेढे यावेळीही आले, पण भीमरावाने घरच्याघरीच वाटले. तो आनंदात होता, फक्त मध्येच बोलून गेला, "आत्ता थर्ड इयरला असतीस." बकुळाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेढा हातात घेऊन तसाच बसून राहिला. अस्मिताने ऐकलं. तिने हाच हिशेब आधीच केला होता. एवढे मार्क, तेवढे मार्क, त्यापायी वाया गेलेली दोन वर्षं. आणि कुठल्याच आकड्याने ती हुशार आहे की नाही ते सांगितलं नव्हतं.

हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात मेसमध्ये तिच्यासमोर किनवटची एक मुलगी बसली होती. ताटातलं चिवडत होती. मग एकदम म्हणाली, "ताई, माझे मार्क फार कमी आहेत. मला सारखं वाटतं, मी इथं चुकून आलेय. तुम्हाला नाही ना वाटत असं?"

अस्मिताला पप्पांचं बोलणं सांगता आलं असतं. भाषणातली वाक्यंही आठवली. पण ती शंका तिच्या स्वतःच्या छातीत अजून जशीच्या तशी बसलेली होती, आणि या पोरीशी खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

"वाटतं ना," ती म्हणाली. "रोज वाटतं. जेव. दोन वाजता ॲनाटॉमी आहे."