कण्हेरीचा वाळलेला पाला

थंडीत झाडांचं काही काम नसतं असं शहरातल्या माणसांना वाटतं. आमच्या बागेत खरं काम थंडीतच असायचं. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, कालव्याच्या कडेला, सरकारनं झाडांची बाग केली होती. फळांची नव्हे, नुसत्या झाडांची. लांबलांबची झाडं आणून रांगेनं लावलेली आणि प्रत्येकाच्या बुंध्याला नावाची पत्र्याची पाटी. संक्रांतीच्या सुमाराला बारामतीची माणसं बैलगाड्या जुंपून बाग बघायला यायची आणि सावलीत बसून भाकरी खाऊन जायची. सन तीसनंतरची ती वर्षं. मी नुकती सासरी आले होते. मी आणि माझा नवरा, दोघंही त्या बागेत रोजानं जात होतो.

मला ते काम आवडायचं. मी धनगराची लेक, धनगराची सून, पण मला मेंढरांची कधी माया वाटली नाही. त्यांच्या मागं पाय झिजवण्यापेक्षा झाडाला चुना लावणं बरं. खाली लाल काव, वर पांढरा चुना, म्हणजे वाळवी चढत नाही. आळी उकरायची, वाळक्या फांद्या काढायच्या, पावसाळ्यात लावायच्या झाडांसाठी खड्डे खणून उन्हात तापत ठेवायचे. खड्डे माझा नवरा खणायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून पाट्या पुसून ज्याची त्या झाडाला बांधायचं काम मुकादम मला द्यायचा. बाकीच्या बाया मला मास्तरीण म्हणायच्या. कौतुकानं नव्हे.

सासऱ्यांना आमचं हे रोजानं जाणं पसंत नव्हतं. दिवाळी झाली की त्यांचे भाऊ मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्या वर्षी सासऱ्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजला आणि ते मागं राहिले. भाऊ म्हणाले होते, तुझी मेंढरं आमच्याबरोबर दे. सासऱ्यांनी दिली नाहीत. दुसऱ्याच्या हातात मेंढरू रोडावतं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या दिवाळीला आपला कळप आणि आपला मुलगा घेऊन भावांबरोबर वाटेला लागायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मला एकदा म्हणाले, "मेंढरं हायती तवर मी वाटंचा मानूस. ती गेली की मी तुज्या मुकादमाचा गडी."

म्हणून मुकादमानं बागेत मेंढरं बसवायला सांगितली तेव्हा ते खूश झाले. आमच्याकडे शेतकरी मेंढरं रात्रीची रानात बसवून घेतात. लेंडीचं आणि मुताचं खत पडतं, बदल्यात धनगराला धान्य मिळतं. इथं धान्य नव्हतं, पण छाटलेल्या बोरी-बाभळीचा पाला हवा तेवढा मिळणार होता. आणि सासऱ्यांना त्यांच्या धंद्यासाठी बोलावलं होतं, मजुरीसाठी नव्हे. ते फेटा नीट बांधून गेले.

बागेच्या मधल्या वाटेला दोन्ही बाजूंनी कण्हेर होती. ती नुकतीच छाटली होती आणि हिरव्या फांद्या वाटेवरच पडल्या होत्या. मुकादमानं विचारलं, "आबा, कन्हेर पडलीया. मेंढरं खायाची न्हाईत न्हवं?"

सासरे हसले. "तात्या, मेंढरू कन्हेरीला तोंड लावत न्हाय. तुमाला लावायचं असलं तर लावा."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सासऱ्यांनी एक फांदी उचलून पुढच्या मेंढीच्या नाकाशी धरली. तिनं वास घेतला आणि मान फिरवली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. मुकादमाचं समाधान झालं. कालव्याकाठच्या कुठल्याही धनगरानं तेच सांगितलं असतं. माझ्या बापानंही.

त्या फांद्या उन्हात वाळल्या. बायांनी काटक्यांच्या मोळ्या बांधून जळणाला नेल्या. पाला तिथंच गळून राहिला. मग मुकादमानं सांगितलं की सगळा पाचोळा एक करून मेंढरांच्या खाली पसरा, म्हणजे मूत त्यात मुरेल. आम्ही पाच-सहा बायांनी दाताळ्यांनी ओढून पसरला. त्यात लिंबाचा, बाभळीचा, चिंचेचा पाला होता. कण्हेरीचाही होता. कुणाच्या मनात काही आलं नाही. मला त्याबद्दल कुणी बोल लावला नाही आणि मीही लावून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही कामाला गेलो. मेंढरं वाघरीच्या आत, म्हणजे त्यांच्याभोवती लावलेल्या जाळ्याच्या आत, उभी होती. माना खाली. एकही ओरडत नव्हतं. कळप सकाळी एवढा गप्प मी कधी पाहिला नव्हता. सासऱ्यांना वाटलं थंडीनं गारठलीत, पाण्यावर नेली की हलतील. त्यांनी वाघर उचलली आणि हाक दिली. पुढची मेंढी, तीच, चार पावलं चालली आणि पडली. पाय झाडले आणि संपली. तिच्यामागची दोन पडली. मग जी जी चालायला लागली ती ती पडत गेली. सासरे एकीला उठवायला वाकले की दुसरी पडायची. सगळं कोवळ्या उन्हात, नुकत्या चुना दिलेल्या झाडांच्या रांगेत चाललं होतं. मी हातात पाटी धरून उभी राहिले होते.

ताक पाजलं, गुळाचं पाणी पाजलं. ज्यांना पाजलं त्यातलीही मेली. नवऱ्यानं एका मेलेल्या मेंढीचं तोंड उघडून बोट घातलं. गालात चावलेला पाला होता. लांब, अरुंद, वाळून तपकिरी झालेला. त्यानं तो सासऱ्यांच्या हातावर ठेवला. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिला. "ह्येला तोंड लावत न्हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

दुपारपर्यंत चाळीसेक मेंढरांतली सहा-सात उरली. रस्त्यानं जाणारे दोघं आत येऊन मटण मागू लागले. विषानं मेलीत म्हटल्यावर एकजण म्हणाला, शिजवल्यावर काय होतंय. मुकादमानं त्याला हाकलला. मग मुकादम सासऱ्यांजवळ येऊन उभा राहिला. मेंढरं कुठं पुरायची ते त्याला विचारायचं होतं. सासऱ्यांनीच नवीन खड्ड्यांकडं हात केला.

"खत पायजे हुतं न्हवं, तात्या? घ्या."

नवऱ्यानं आपणच खणलेल्या खड्ड्यांत मेंढरं ओढत नेऊन टाकली. सासऱ्यांनी वरून माती ढकलली. सुजल्या पायानं, फावडं न घेता, हातानं. पावसाळ्यात त्या रांगेत झाडं लावली. ती बाकीच्यांपेक्षा लवकर वर गेली. जाणारच होती.

दिवाळी आली. उरलेली मेंढरं भावांच्या कळपात घालून सासरे मागं राहिले आणि मुकादमाकडं कामाला लागले. चुना द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं. माझ्यापेक्षा सरळ रेघ मारायचे. बोलायचे कमी.

त्याच थंडीत मुकादमानं खतासाठी दुसरा धनगर आणला. इंदापूरकडचा, आमच्या ओळखीचा नव्हे. मेंढरं फाटकाशी उभी होती. कण्हेर पुन्हा छाटलेली होती. सासरे पुढं गेले आणि म्हणाले, ही कण्हेर आधी बाहेर जाऊ दे. तो माणूस त्यांच्या हातातल्या कुंच्याकडं बघून हसला. "म्हाताऱ्या, तुला चुन्यातलं कळतंय. मेंढरू कन्हेरीला तोंड लावत न्हाय."

तेच शब्द.

सासऱ्यांनी वाद घातला नाही. ते बागेला लागून असलेल्या आमच्या खोपटाकडं गेले आणि छपरात खोचून ठेवलेली एक फांदी काढून आणली. वर्षभर ती माझ्या डोक्यावर होती आणि मला ठाऊक नव्हतं. आधी त्यांनी हिरवी फांदी त्याच्या मेंढीपुढं धरली. तिनं मान फिरवली. तो हसला. मग त्यांनी वाळलेली धरली. मेंढीनं वास घेतला आणि पानं तोंडात ओढली.

सासऱ्यांनी तिचा जबडा धरला, दोन बोटं घालून पाला बाहेर काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

त्या माणसानं मेंढरं वळवली आणि रस्त्याला लावली. सासऱ्यांनी बोटं धोतराला पुसली, बादली उचलली आणि पुढच्या झाडाकडं गेले.