वळायला जागा

धाराशिवच्या शोरूममध्ये मी सगळ्यात मोठ्या ट्रॅक्टरवर चढून बसलो होतो. माझं रान म्हणजे तीन एकरांची लांबट पट्टी, पण पहिलाच ट्रॅक्टर घ्यायचा तर गावानं बघत राहावं, असं माझ्या डोक्यात होतं.

"रान किती?" टोपीतल्या एका अनोळखी बाबांनी विचारलं. मी सांगितलं. मला मडगार्डवर सरकायला सांगून त्यांनी सेल्समनला तो ट्रॅक्टर मोकळ्या जागेत गोल फिरवायला लावला. मग चपला काढून, रानात चालावं तसं, चाकाच्या मागावर मोठ्यानं मोजत पावलं टाकली. बारक्या ट्रॅक्टरचंही तसंच केलं.

"मोठ्याला वळायला लई जागा लागती. तुमच्या बांधाकडंला हाय का एवढी?"

"नाही. शेजाऱ्याच्या रानात थोडं वळवीन की."

बाबा हसले. "म्या बी असंच म्हणलो हुतो. नांगराचं तास संपलं की भावाच्या तुरीत वळायचो. दोन वर्षं भाऊ बोलला न्हाय. आज मोठा देऊन बारका न्यायला आलोय."

"मग आता बोलतो का भाऊ?"

"व्हय. संगंच आलाय. चहा सांगाया गेलाय."

मी मोठ्यावरून खाली उतरलो. बारका ट्रॅक्टर घरी आला तेव्हा गावातली पोरं हसली, मीही हसलो. आता तास संपलं की माझं चाक बांधाच्या वीतभर अलीकडंच वळतं. पलीकडच्या तुरीतून शेजारी डोकं वर काढतो आणि ओरडतो, "या, चहा आलाय!"